एकोणसत्तरचे चार दिवे, सत्तरचे दोन

संपतभाऊ, तू शेठच्या शब्दावर आलास, ह्याचा मला राग आहे.

दहाव्याला घाटावर तुझा भाऊ बोलला, मेव्हणा बोलला, वहिनींनी पदर पसरला, मीही बोललो. कावळा समोरच्या बाभळीवर बसलेला, ढिम्म हलेना. मग शेठ पुढं आले, हात जोडून एक वाक्य बोलले, आणि कावळा खाली उतरून पिंडाला शिवला. लोक म्हणाले, सुटला बिचारा. मी म्हणतो, फसला. अर्धी हयात त्या माणसाच्या गॅरेजच्या शेडमध्ये गाड्यांचे पत्रे ठोकत काढलीस तू. इतक्या वर्षांत त्याचा शब्द केवढ्याला पडतो ते कळलं नव्हतं तुला?

आठवीत शाळा सोडल्यापासून एका बैठकीत एवढं कधी लिहिलेलं नाही. पण तुझ्याबद्दल लोक जे काय बोलतायत ते ऐकून गप्प बसवत नाही.

दिघीत तुमच्या आळीच्या तोंडाशी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय. तुझा हसरा फोटो, आणि मागं कुठल्याशा नव्याकोऱ्या पिवळ्या गाडीचं चित्र. ज्या पोरानं बनवला त्याला विचारलं, ही कुठल्या सालची? तर म्हणतो, "राव, गाडी ती गाडी. त्यांना आवडायच्या ना गाड्या?" तू असतास तर शिडी लावून फाडला असतास. शोकसभेत एक जण माइक धरून म्हणाला, "संपतराव कधी कुणाशी भांडले नाहीत." लोकांनी माना डोलावल्या. मी वहिनींकडं पाहिलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. रडायला की हसायला, मला कळलं नाही.

तू भांडला नाहीस? तू रिक्षावाल्याशी भांडलास, गॅसवाल्याशी भांडलास, तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याशी भांडलास. माझ्याशी तर कामाला लागलो त्या आठवड्यापासून भांडत होतास, आणि भांडण मिटायच्या आत निघून गेलास. भांडणाएवढं तुझं दुसरं काय होतं माझ्याजवळ? तेही ही माणसं पुसून टाकायला निघालीत.

आपली ओळखच भांडणानं झाली. तू वहिनींशी भांडून खानावळीत जेवायला आला होतास. मी तिथला रोजचा. चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं होतो. सहा-सात महिने झाले की ब्रेक देतात तसा मला दिला होता आणि पुन्हा बोलावलं नव्हतं. हिंगोलीकडं घरी अजून कळवलं नव्हतं. आमटीची वाटी उचलली तर ती ताटात सांडायची, एवढा हात थरथरत होता.

"आजारी हाय का रं?"

"नाही. काम नाही."

"मंग हात कशापायी हालतोय?"

"काहून म्हणजे, भीती वाटते."

"काहून न्हाई, का म्हण. हिकडं काहून म्हटलं की भाडं वाढवत्यात."

दुसऱ्या दिवशी भोसरीच्या शेडमध्ये घेऊन गेलास. मी आधीच सांगून टाकलं, हात थरथरतो, हातोडी जमायची नाही. तू रंगाची गन माझ्या हातात दिलीस. म्हणालास, "गन धरणाऱ्याचा हात थांबला की रंगाला ओघळ येतो. तुझा थांबतच न्हाई. झाक हाय." मी 'तुम्ही' म्हणालो तर ओरडलास, "आरं, मी काय तलाठी हाय का?" तेव्हापासून तू संपतभाऊ आणि मी पेंटर.

माझ्या भित्रेपणाला आयुष्यात कुणी कामाचं म्हटलं नव्हतं. आई म्हणायची, ह्याला देवऋषाकडं न्या. तू त्यातून माझी रोजीरोटी काढलीस. हे तुला तोंडावर कधी म्हणालो नाही, कारण आपल्यात तशी बोलायची रीत नव्हती. आपल्यात एकच विषय होता.

ज्यांना माहीत नाही त्यांना तो ऐकून हसू येईल. येऊ दे. शेडच्या भिंतीवर एका रंगाच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, जुन्या अमेरिकन गाड्यांचं. लांबलचक बोनेट, आखूड डिकी, तोंडावर गुरगुर. वर्ष संपलं तरी तू ते उतरवू दिलं नाहीस. फेब्रुवारीच्या पानावर एकोणसत्तर सालची मस्टँग होती आणि सप्टेंबरच्या पानावर सत्तर सालची. गाडी तीच, साल दोन. एकोणसत्तरला पुढं चार दिवे, दोन जाळीच्या आत आणि दोन बाहेरच्या टोकांना. सत्तरला दोनच. बाहेरच्या दिव्यांच्या जागी नुसत्या फटी, माशाच्या कल्ल्यांसारख्या. मी एकोणसत्तरचा, तू सत्तरचा. चहा आला की सुरू.

"गाडीला चार-चार डोळे कशाला? चष्मा लावल्यावानी दिसतंय. सत्तरचं तोंड बघ. रोखून बघतंय, तुझ्यावानी घाबरून न्हाई."

"आणि त्या फटी कशाला?"

"हवेला."

"कुठली हवा? खोट्या आहेत त्या. आत वाटच नाही."

"आन् तुझ्या एकोणसत्तरच्या दारामागं ती खाच हाय, ती खरी हाय व्हय? तीबी खोटीच. सत्तरला काढून टाकली आन् पत्रा कसा साफ केला बघ. हे पत्रा ठोकणाऱ्याला इचार. रंगाऱ्याला काय कळतंय?"

ह्यातली एकही गाडी आपण दोघांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. एकदा मात्र तू छातीठोक सांगत आलास की चाकणच्या रस्त्यावर एक दिसली, सत्तरचीच. मी विचारलं, दिवे किती होते? तू म्हणालास, "पाठमोरी व्हती." अख्खी शेड हसली. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी माझ्या डब्यात लोणचं टाकलंस आणि म्हणालास, "सत्तरचीच व्हती."

मग कॉन्टेसा आली. कुण्या जुन्या पुढाऱ्याची, दुरुस्तीला म्हणून आणून टाकली आणि परत कुणी न्यायला आलंच नाही. शेडच्या कोपऱ्यात गंजायला लागली तेव्हा शेठ तुला म्हणाले, "तुझीच समज, पण अडचण करू नकोस." तुला आकाश ठेंगणं झालं. आपल्या देशात निघालेली गाडी, पण अंगलट बघावी तर त्या कॅलेंडरातल्या गाड्यांची चुलत बहीण. तेव्हापासून दर गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, आपण तिच्यावर काम करायचो. वहिनी म्हणायच्या, "सवत आणून ठेवलीय भोसरीला." बोनेट तू उंच केलंस. मागच्या काचेपासून डिकीपर्यंत ढाळ दिलास. दारांना मी रंगाखालचं अस्तर मारलं. राहिलं ते तोंड. ते राहिलं, कारण आपलं ठरत नव्हतं.

कॉन्टेसाला मुळातच पुढं चार गोल दिवे. मी म्हणायचो, देवानंच एकोणसत्तरचं तोंड देऊन पाठवलीय, तू कोण बदलणारा? तू म्हणायचास, "देवानं तुला शेपूटबी दिलं असंल, कापलंच की न्हाई?"

आणि मध्येच तू मेलास. शनिवारी सकाळी, नळाला पाणी आलं म्हणून उठलास आणि बादलीजवळच बसलास. आठवडाभर छातीत जळजळ होतीय म्हणून सोडा पीत होतास. मी म्हणालो होतो, डॉक्टरकडं जाऊ. तू म्हणालास, "तुझ्या गावाकडनं फोन आला की तू आधी रडून घेतोस, मंग उचलतोस. तुझं ऐकून दवाखान्यात गेलो तर डॉक्टरचं पोट भरंल." भित्र्या माणसाची भीती कुणी खरी मानत नाही, ह्याचाही मला राग आहे. शंभरदा मी उगीच घाबरलो असेन. त्या एकदा बरोबर घाबरलो होतो.

आता घाटावरचं सांगतो, कारण तिथं मी काय बोललो नाही ह्यावरून तुझे भाऊबंद अजून माझ्याकडं वाकडं बघतात.

आळंदीला, इंद्रायणीच्या काठी, सगळे टोप्या काढून उभे. पिंडापुढं तुझी मिसळ, कटिंग चहा, तंबाखूची पुडी. मेव्हणा म्हणाला, "भावजी, पोरीचं, प्रियाचं शिक्षण मी करतो, काळजी करू नका." कावळा हलेना. तुझा भाऊ म्हणाला, "आईला मी संभाळतो." हलेना. वहिनी म्हणाल्या, "माझ्यावर रुसून गेला असाल तर माफ करा." बाभळीवर त्यानं चोच पुसली, बस्स. ऊन चढत चाललेलं. मग तुझा भाऊ एकदम माझ्याकडं वळला.

"गाडी! गाडीत जीव हाय त्याचा. पेंटर, बोल रं."

मी पुढं झालो. "संपतभाऊ, गाडी मी पूर्ण करतो."

हलेना.

"सत्तरचं तोंड करतो म्हण!"

"पूर्ण करतो म्हणालो ना."

"आरं, सत्तर म्हण की. काय जातंय तुझं? मेलेल्या माणसाला हो म्हणायला काय पैसे पडत्यात?"

तीसेक माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. तुला माहीत आहे, चार लोकांनी बघितलं की माझी जीभ टाळूला चिकटते. त्या घाटावर मी 'होय' म्हणून सुटू शकलो असतो. पण म्हणालो नाही. पिंडाला दिलेला शब्द फिरवता येत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे, मेलेल्या माणसाला सगळेच हो म्हणतात. तू जिवंत असताना ज्याला मी रोज नाही म्हणत होतो, त्याला तू पिंडावर आलास म्हणून हो म्हणायचं? मग आपण भांडत होतो ते काय पोरखेळ होता? मी नदीकडं बघत उभा राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, "बाहेरचाच शेवटी. हिंगोलीचा."

तेव्हा शेठ पुढं आले. "संपत, तुझी गाडी भंगारात जाणार नाही. माझा शब्द." आणि कावळा आला.

मला आतून काय झालं असेल, विचार कर. माझं एवढं तळमळून बोललेलं तुला चाललं नाही, आणि ज्यानं एका गुरुवारी कधी त्या गाडीला फडकं मारलं नाही त्याचं चाललं. लोक म्हणाले, शेठच्या शब्दाला वजन आहे. मुन्ना, आपल्या शेडमधला दुसरा पत्रे ठोकणारा, हळूच मला म्हणाला, "पेंटर भाई, कौवे को मिसल की भूख लगी थी, दिल पे मत ले." मी दिलावर घेतलं.

आणि माझा राग बरोबर ठरला. तेरावा होऊन चार दिवस झाले नाहीत तोच शेडच्या दारात चिखलीच्या भंगारवाल्याची क्रेन उभी.

"शेठ, हे काय?"

"जागा लागते रे. इन्शुरन्सच्या गाड्या रस्त्यावर लावाव्या लागतात, पोलीस उचलून नेतात."

"तुम्ही घाटावर शब्द दिला होता."

"अरे, तिथं दुसरं काय बोलणार माणूस? ऊन बघितलंस का केवढं होतं? वहिनी ताटकळत उभ्या. कुणीतरी सोडवायला नको? मी सोडवलं. तू तर तेवढंही केलं नाहीस."

खोटं बोलत नव्हते ते. हाच तर त्रास आहे. माझी खोली त्यांच्याच शेडच्या माळ्यावर. मी तापानं फणफणलो होतो तेव्हा दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. गावाकडं आई, बायको, पोरगा, सगळे ह्या शेडवर जगतात. गप्प बसायचंच ठरवलं होतं, खरं सांगतो. पण तेवढ्यात भंगारवाल्यानं गाडीवरची ताडपत्री ओढली आणि म्हणाला, "सेठ, इसका एक लाइट किधर गया?"

तीन दिवे होते, संपतभाऊ.

उजवीकडचे दोन्ही जागेवर. डावीकडचा बाहेरचा गायब, त्या जागी पत्रा. घासून लख्ख केलेला, दोन फटी पाडलेल्या, सत्तरच्या. मी मेव्हणीच्या लग्नाला गावी गेलो होतो त्या गुरुवारी केलंस तू हे. चोरून. शुक्रवारी मिशीतल्या मिशीत हसत होतास आणि म्हणालास, "उद्या तुला कायतरी दावतो." उद्या! वर्षानुवर्षं समोरासमोर भांडलेला माणूस पाठीमागून निकाल लावून मोकळा होतो? एवढा राग मला शेठचाही आला नव्हता. त्या रागाच्या भरातच मी शेठसमोर जाऊन उभा राहिलो असणार, एरवी माझी काय छाती होती.

"शेठ, मग शब्द परत घ्या."

"काय?"

"इथं नाही. घाटावर. दिला तिथंच परत घ्या. वहिनींना बोलवू, संपतभाऊच्या भावाला, मेव्हण्याला बोलवू. पिंड मांडू. तुम्ही हात जोडून म्हणा, संपत, गाडी भंगारात देतोय. मग लावा क्रेन. मी स्वतः दोर बांधतो."

ग्राइंडर थांबले. मुन्नानं हातातली हातोडी खाली ठेवली. शेठ माझ्याकडं असे बघत होते की जणू भिंतीवरचं कॅलेंडर बोललं. "येडा झालास काय?" म्हणाले, पण आवाज बसला होता. दिलेला शब्द मोडणं शेठना अवघड नव्हतं, रोज मोडतात. तो शब्द परत घ्यायला नदीवर जाणं त्यांच्याच्यानं झालं नसतं. कुणाच्याच्यानं होत नाही. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि भंगारवाल्याला चहा सांगितला.

"दिवाळीपर्यंत," मला म्हणाले. "अर्धवट गाडी मी ठेवणार नाही. पूर्ण कर आणि त्याच्या दारात नेऊन लाव. आणि पेंटर, ह्यापुढं माझ्याशी ह्या आवाजात बोलायचं नाही."

"नाही बोलणार, शेठ."

माळ्यावर जाऊन मी बायकोला फोन केला आणि नुसता रडलो. ती म्हणाली, नोकरी गेली का? मी म्हणालो, नाही, राहिली.

गाडी राहिली, पण मी अडकलो. आता तोंड ठरवल्याशिवाय गत्यंतर नाही. काल गुरुवारी मुन्ना सुट्टी असून आला. तीन दिव्यांपुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "बोलो पेंटर भाई. ये वाला खोल दूँ, कि दूसरी साइड भी बंद करूँ?"

मी तुझ्या पत्र्यावरून तळहात फिरवला. डोळ्याला फसवता येतं, तळहाताला नाही, हे तूच शिकवलेलं. मला त्यात खोट हवी होती, संपतभाऊ. वरून खाली फिरवला, फटींच्या कडांवरून फिरवला. लागेना. बोनेटवरून येणारी रेघ त्या पत्र्यावरून अशी खाली उतरत होती की ती तिथं मुळातूनच असावी. मी दोन पावलं मागं सरून डावी बाजू पाहिली, मग उजवी. डावी बाजू रोखून बघत होती. उजवी बाजू बघून मला, काय सांगू, चष्मा आठवला.

खालच्या कडेला मात्र हात अडखळला. अंगठ्याएवढी खोलगट जागा. हातोडी तिथं थांबली होती. तू असलं काम अर्धवट सोडणारा माणूस नव्हेस. त्या गुरुवारी तिथंच छातीत कळ आली असणार. आणि तू काय केलंस? घरी गेलास? दवाखान्यात गेलास? नाही. सोडा प्यायलास, पत्रा लख्ख घासलास आणि ताडपत्री ओढून ठेवलीस, पेंटरला शनिवारी चकित करायचं म्हणून. माझ्याशी भांडण जिंकायचं म्हणून! अरे, हरलो असतो मी. मागितलं असतंस तर लिहून दिलं असतं.

नाही. खोटं कशाला बोलू. दिलं नसतं.

मुन्नाला सांगितलं, "दुसरी बाजूही बंद कर. अशीच. हुबेहूब." त्यानं विचारलं, "और ये गड्ढा? ठोक दूँ?" मी म्हणालो, त्याला हातोडी लावू नकोस, तिथं लांबी-पुट्टी भरायचं माझं मी बघतो.

तर घाटावर तीस माणसांसमोर म्हणालो नाही ते इथं म्हणतो. सत्तर. तू मेलास म्हणून म्हणत नाही. पत्रा बघून म्हणतोय.

मागचे दिवे राहिलेत अजून. तिथं मात्र मी तुझं ऐकणार नाही.